एका संगणकात दोन कर्नल

मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाणा एमआयडीसी आहे. या पट्ट्यातल्या एखाद्या लहान वर्कशॉपने जुन्या संगणकावर लिनक्ससीएनसी हे मोफत सॉफ्टवेअर टाकून राउटर किंवा मिलिंग मशीन चालवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो तो कर्नलचा.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कुठल्या कामाला कधी द्यायचा, हे तोच ठरवतो. साधा कर्नल एकूण काम जास्तीत जास्त उरकायला बघतो, त्यात एखाद्या कामाला क्षणभर थांबावं लागलं तरी त्याला चालतं. मशीनला मात्र ते चालत नाही. संगणक पॅरलल पोर्टमधून स्टेपर मोटरला पल्स पाठवत असेल, तर पल्स उशिरा गेली की मोटरची स्टेप चुकू शकते आणि जॉब वाया जातो. म्हणून रिअल-टाइम कर्नल लागतो. तो उशिराला मर्यादा घालतो.

यासाठी साधा कर्नल काढून टाकायची गरज नाही. डेबियन लिनक्समध्ये दोन्ही कर्नलची पॅकेजेस वेगळी आहेत आणि ती शेजारी-शेजारी राहतात. प्रत्येक कर्नलच्या फाइलच्या नावातच त्याचा आवृत्ती क्रमांक असतो आणि रिअल-टाइमच्या नावात ‘आरटी’ जोडलेलं असतं. ‘बूट’ फोल्डर उघडलं तर प्रत्येक आवृत्तीची मुख्य कर्नल फाइल आणि सुरुवातीला डिस्क ओळखण्यापुरती लागणारी इनिट्रॅमएफएस फाइल अशी जोडी दिसते. ड्रायव्हरचे मॉड्यूलही आवृत्तीच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये जातात. त्यामुळे कोणीच कोणावर लिहीत नाही. तुमची ड्रॉइंग, जी-कोड आणि बाकी प्रोग्राम मात्र एकच. कर्नल बदलला तरी ते जागच्या जागी राहतात.

कोणता कर्नल सुरू करायचा, ते ग्रब हा बूटलोडर विचारतो. मेनू दिसत नसेल तर संगणक चालू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट आणि यूईएफआयवर एस्केप दाबून बघा. त्यातल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये सगळे कर्नल ओळीने दिसतात. काहीच निवडलं नाही तर ग्रब स्वतः ठरवलेला कर्नल उचलतो, आणि तो रिअल-टाइमच असेल असं नाही. म्हणून ग्रबच्या सेटिंगमध्ये डीफॉल्टला ‘सेव्ह्ड’ लिहावं, ‘अपडेट-ग्रब’ चालवावं आणि मग हवा तो कर्नल कायमचा नेमून द्यावा. सिस्टिम सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘युनेम -आर’ दिलं, की कोणता कर्नल चालू आहे ते कळतं. मशीनला हात लावण्याआधी हे एकदा बघाच.

आता चाचणी. लिनक्ससीएनसीसोबत लेटन्सी टेस्ट येते. ती चालू ठेवून व्हिडिओ लावा, मोठ्या फाइल कॉपी करा, खिडक्या हलवा, आणि सर्वांत मोठा उशीर किती नोंदला गेला ते पाहा. १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. ३० ते ५० असेल तर काम होतं, पण वेग कमी मिळतो. १०० च्या पुढे गेला तर त्या संगणकावरून सॉफ्टवेअरने पल्स पाठवण्याचा नाद सोडावा. हीच चाचणी दोन्ही कर्नलवर घेतली की फरक आकड्यांत दिसतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून ही रिअल-टाइम सोय मुख्य लिनक्समध्येच आली आहे. तरी ती कर्नल बांधतानाच चालू करावी लागते, म्हणून वेगळं पॅकेज निवडणं संपलेलं नाही.

अपडेट आल्यावरही हीच व्यवस्था उपयोगी पडते. नवा कर्नल आला तरी जुना लगेच जात नाही. नव्यावर ग्राफिक्स किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर अडला, तर मेनूतून जुना निवडायचा आणि काम पुढे न्यायचं. फेडोरा लिनक्स एरवी तीन कर्नल ठेवतं. डेबियनमध्ये ‘ऑटोरिमूव्ह’ हा आदेश चालू असलेला आणि अगदी अलीकडचे कर्नल राखून बाकीचे काढतो. ‘बूट’चं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर ही सफाई टाळू नका, जागा संपली की नव्या कर्नलची इनिट्रॅमएफएस अर्धवट राहते आणि तो सुरूच होत नाही.

कारखान्यासाठी नियम सोपा आहे. अपडेट साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करावं, नव्या कर्नलवर लेटन्सी टेस्ट घ्यावी, मग एक भंगाराचा तुकडा कापून मापं तपासावीत. ती जुळेपर्यंत ज्या कर्नलवर आजवर जॉब बरोबर निघाले, तो काढू नये.