वजनकाट्याचा पत्ता बदलताना



गेल्या हंगामात एका गट ऑफिसात ऊसनोंदीचे काम अर्धा दिवस खोळंबले. संगणक चालू, लाईट आहे, पण नोंद पुढे जाईना. कट्ट्यावर बसलेले एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, मशीन चालू हाय, मग अडलंय कुठं?" आमचा डिप्लोमा शेतीचा. उत्तर देता येईना, म्हणून संगणक विभागात जाऊन बसलो.

अडले होते पत्त्यावर. जाळ्याची फेरमांडणी करताना मुख्य संगणकाचा आकडी पत्ता बदलला, आणि ऊसनोंदीच्या प्रोग्रॅममध्ये जुनाच आकडा कोणी तरी कायमचा लिहून ठेवलेला. आता तर पत्त्यांची पद्धतच बदलायची आहे, म्हणून हे सांगणे.

इंटरनेटवरच्या यंत्राला आयपी पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते होतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले. तेव्हापासून ओढाताण चालू आहे. वाड्यात दहा बिऱ्हाडे आणि घर नंबर एकच, तसे कारखान्याचे सगळे संगणक एका पत्त्याआड बसतात. आत ज्याचे त्याला पोचवायचे काम राउटरचे.

नवी पद्धत आयपीव्ही-सिक्स. पहिला मसुदा १९९५ चा. तीत ३४० वर ३६ शून्ये इतके पत्ते आहेत. आपल्या खिशातल्या बऱ्याच मोबाईलना ती केव्हाच लागू झाली. जिओचे जाळे २०१६ पासून तिच्यावर आहे. मागे राहिली ती ऑफिसे आणि कारखाने, कारण वाड्यातला कारभार आतल्या आत भागतो. खरे सांगायचे तर आम्हीही आधी म्हणालो, चाललंय ते चालू द्या की!

पण जुना पत्ता नव्याशी थेट बोलत नाही. त्यामुळे दोन्ही पद्धती काही वर्षे शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तरी म्हातारी माणसे रान जुन्याच नंबराने सांगत, तसेच हे.

आणि एक धोका. २००७ पासूनच्या विंडोजमध्ये नवी पद्धत आपोआप चालू असते. राखणीला ठेवलेल्या फायरवॉलमध्ये नियम फक्त जुन्या पद्धतीचे असतील, तर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडे. आत तुमचे खाते नंबर, वजने, बिले आहेत. आम्हाला जास्त काळजी याची वाटते.

म्हणून आमचे मत असे, की आधी यंत्रांची यादी करावी, कुठल्या प्रोग्रॅममध्ये पत्ता लिहून ठेवलाय ते हुडकावे, फायरवॉलचे नियम दोन्ही पद्धतींना लावावेत. बाहेरच्या लोकांना दिसणारी वेबसाईट आधी हलवावी. वजनकाटा सगळ्यात शेवटी, आणि तोही गाळप बंद झाल्यावर. हंगामात गव्हाणीपुढे गाड्यांची रांग असताना काट्याच्या संगणकाला कोणी हात लावू नये. वाळत चाललेल्या उसाचे वजन कोण भरून देणार?

बदलानंतरच्या पहिल्या हंगामात सुरुवातीचे पंधरा दिवस काट्यावर हाताने लिहिलेली वहीसुद्धा ठेवावी, असे आम्ही सुचवले आहे. त्या दिवसांतल्या पावत्या टाकून देऊ नका. पावतीचे वजन आणि बिलातले वजन जुळले नाही, तर पावती घेऊन गट ऑफिसात या. वहीशी ताडून पाहू.