पूर ओसरल्यावर : अनुग्रह की अधिकार?

कोकणातल्या माणसाला पाऊस नवा नाही आणि पूरही नवा नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेल्या आपल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. वरून पावसाचा लोंढा आणि खालून भरतीचे पाणी यांची गाठ पडली, की सावित्रीकाठचे महाड, अंबेकाठचे नागोठणे आणि कुंडलिकेकाठचे रोहे या गावांतील बाजारपेठा पाण्याखाली जातात. पाणी एका रात्रीत चढते आणि एकदोन दिवसांत उतरते. घरातला चिखलही आठ-पंधरा दिवसांत उपसून होतो. त्यानंतर मात्र कागदांचे जे काम सुरू होते ते वर्षानुवर्षे संपत नाही, आणि सामान्य माणूस खऱ्या अर्थाने खचतो तो तेथे. पंचनामा कोणी करावयाचा, मदत कोणाच्या नावाने निघावयाची, ती नाकारली गेल्यास दाद कोठे मागावयाची, याची माहिती शिकलेल्या घरांतही नसते. ती माहिती थोडक्यात द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन पूर आणि तीन कायदे

रायगड जिल्ह्यातील तीन आपत्ती एकापुढे एक ठेवून पाहिल्या तर कायदा कसा पुढे सरकला हे चांगले कळते.

२४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या महापुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त केले. दुर्बलांना मोफत वकील देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा त्यापूर्वी दोन वर्षे, १९८७ साली, संसदेने संमत केला होता. परंतु तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. तेव्हा जांभूळपाड्याच्या पूरग्रस्ताची सारी भिस्त शासनाच्या आदेशांवर आणि दात्यांच्या औदार्यावर होती.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. त्या वेळी विधी सेवा कायदा लागू होता. माहितीचा अधिकार मात्र त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला अमलात आला आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा डिसेंबरात झाला. म्हणजे दोन्ही कायदे दरड कोसळल्यानंतरचे.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुन्हा बुडाले आणि त्याच दिवशी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्या दिवशी हे तिन्ही कायदे हाताशी होते. तेव्हा आज प्रश्न कायदा नसल्याचा नाही. कायदा ठाऊक नसल्याचा आहे.

‘सानुग्रह’ या शब्दाचा अर्थ

शासनाकडून मिळणाऱ्या मदतीला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. या शब्दामुळेच पूरग्रस्त हात जोडून उभा राहतो आणि त्याला नकार मिळाला तर नशिबाला दोष देत परत जातो. वस्तुतः आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी व औषधोपचार यांबरोबरच मृत्यूबद्दल सानुग्रह साहाय्य, घराच्या नुकसानीबद्दल मदत आणि उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्यास मदत यांचे किमान निकष राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवावेत, असे म्हटले आहे. हे बंधनकारक आहे की ऐच्छिक? कोविडच्या मृत्यूंबाबतच्या याचिकांत सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी, म्हणजे महाडच्या पुराच्या अवघे तीन आठवडे आधी, निर्णय दिला की हे निकष ठरविणे बंधनकारक आहे. रक्कम किती असावी हे मात्र न्यायालयाने प्राधिकरणावर सोपविले.

हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. अमुक एवढे रुपये द्या असे म्हणण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही. परंतु जो निकष शासनाने एकदा जाहीर केला, तो शेजाऱ्याला लावला आणि मला लावला नाही, तर त्याचे कारण विचारण्याचा हक्क निश्चित आहे. याच कायद्याचे कलम ६१ मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते.

निकषांचे स्वरूप समजावे म्हणून काही आकडे देतो. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत मृताच्या वारसांना ४ लाख रुपये आणि सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये असे दर होते. राज्य शासन स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालू शकते. ३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. त्यात कपडे व भांड्यांसाठी प्रत्येक कुटुंबास १० हजार, दुकानदारास ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकास १० हजारांपर्यंत मदत होती.

निकष बदलूनही घेता येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. हेक्टरी दराने मोजले असता काही गुंठ्यांच्या वाडीला नगण्य रक्कम मिळत होती. तेव्हा झाडांची गणती धरून नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर ठरविण्यात आला. रक्कम अपुरीच होती. पण वस्तुस्थिती नीट मांडली तर मोजण्याची पद्धत बदलते, हे त्यातून दिसले.

पंचनामा ही पहिली पायरी

सर्व मदतीचे मूळ पंचनाम्यात आहे. तलाठी (यांना आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे), ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि शेतीसाठी कृषी खात्याचे कर्मचारी तो करतात. चिखल काढण्याची घाई असते हे खरे. तरी पाण्याची खूण दिसेल अशी भिंतीची आणि भिजलेल्या मालाची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. त्यात घर ‘अंशतः’ पडले असे लिहिले आहे की ‘पूर्णतः’, या एका शब्दावर हजारो रुपयांचा फरक पडतो. नोंद चुकीची वाटल्यास त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला कार्यालयात आयुष्य नसते.

भाडेकरूंनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भिंत पडल्याची मदत घरमालकाची. परंतु कपडे-भांड्यांची मदत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी असते. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनीही सावध राहावे. खारबंदिस्तीला खांड पडून उधाणाचे पाणी भातशेतीत शिरले असेल, तर नदीच्या पुराने झालेले नुकसान आणि खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान यांची नोंद वेगवेगळी करून घ्यावी. कारण खारे पाणी एका पिकावर थांबत नाही, जमीनच नापीक करते.

पंचनाम्याची प्रत किंवा लाभार्थ्यांची यादी दाखविण्यास कोणी टाळाटाळ केली, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्कही नाही.

वकील कोठे मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकिलास पात्र असणाऱ्यांची यादी आहे. त्यात स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग यांच्याबरोबर स्वतःचा दोष नसताना विपन्नावस्था ओढवलेली व्यक्ती येते, आणि तेथे पूर, दुष्काळ व भूकंप यांचा नावानिशी उल्लेख आहे. महाराष्ट्रात या योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. परंतु ती अट इतरांसाठी. पूरग्रस्त हा पूरग्रस्त म्हणूनच पात्र ठरतो. काल ज्याच्या दुकानात लाखोंचा माल होता आणि आज चिखलाखेरीज काही नाही, अशा व्यापाऱ्यालाही हे दार उघडे आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला जिल्हा न्यायालयात आहे. तालुक्याच्या न्यायालयाला जोडून तालुका विधी सेवा समिती असते. साधा कागदी अर्ज पुरतो. लिहिता येत नसेल तर तेथील विधी स्वयंसेवक लिहून घेतात. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारणा करता येते. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० साली आपत्तीग्रस्तांसाठी खास योजना केली आहे. भिजून नष्ट झालेली कागदपत्रे पुन्हा मिळवून देण्यास साहाय्य करणे हे त्या योजनेतले एक काम आहे.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली शासनाने किंवा जिल्हा प्राधिकरणाने केलेल्या कृतीविरुद्ध तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात दावा चालत नाही. कलम ७१ प्रमाणे तो अधिकार फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयास आहे. हे न कळल्यामुळे चुकीच्या दारात वर्षे वाया जाऊ शकतात. उच्च न्यायालयासाठीही मोफत वकील देणारी स्वतंत्र समिती आहे.

विमा, कर्ज आणि वारस

विमा असलेल्या दुकानदाराने कंपनीस ताबडतोब लेखी कळवावे आणि कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. फेकणे भागच असेल तर छायाचित्रे व यादी ठेवावी. दावा नाकारला गेल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, किंवा दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. कर्जाचे हप्ते लांबविण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. मात्र त्यासाठी आपण होऊन बँकेत अर्ज करावा हे बरे.

सर्वांत अवघड प्रश्न मृत्यूचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. एरवी बेपत्ता माणूस मृत मानण्यास कायद्याने सात वर्षे वाट पाहावी लागते. इतकी वर्षे मृत्यूचा दाखला नाही म्हणजे अनुदान नाही, विमा नाही, वारस नोंद नाही. म्हणून अशा प्रसंगी बेपत्ता व्यक्तींना मृत घोषित करण्याचा शासनाचा निर्णय कुटुंबांना दुःखद असला तरी आवश्यक असतो, आणि तो मागून घ्यावा लागतो.

आणखी एक खास कोकणी अडचण आहे. घर आजोबांच्या नावावर, काका मुंबईत, आणि राहणारा पुतण्या गावी. भिंत पडली की अनुदान कोणाच्या खात्यात जावे यावर घरात वाद होतो. असा वाद लोकअदालतीत सामोपचाराने मिटविता येतो. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो. पाऊस सुरू होण्यापूर्वी वारस नोंद करून ठेवणे हा त्याहूनही सोपा उपाय होय.

आपण काय करू शकतो?

पूर आला की आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले फावडी घेऊन जातात, चिखल काढतात, धान्य वाटतात. हे काम मोलाचे आहे. त्याला एका टेबलाची जोड द्यावी. दोन विद्यार्थी, कोऱ्या कागदांचे एक रीम आणि वर सांगितलेली माहिती एवढे पुरे. पंचनाम्यावरील हरकत, दुय्यम शिधापत्रिकेची मागणी, विमा कंपनीस पत्र, विधी सेवा समितीस अर्ज — हे चार कागद मराठीत नीट लिहून देणे कला शाखेच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. खोटा दावा मात्र कोणाचाही लिहून देऊ नये. तो कलम ५२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि खऱ्या पूरग्रस्ताच्या तोंडचा घास त्यात जातो.

ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यावरील हक्कासाठी माणसे चालत गेली, त्या हक्काचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघण्यास १९३७ साल उजाडले. हक्क असणे आणि तो पदरात पडणे यांत किती अंतर असते हे या गावाला कोणी शिकवावयास नको. ते अंतर कमी करण्याचे काम लहान आहे, कंटाळवाणे आहे आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. पण आपल्यापैकी कोणीतरी लिहिलेल्या एका अर्जामुळे एखाद्या विधवेच्या खात्यात तिची रक्कम जमा झाली, तर त्या पावसाळ्यातले आपले शिक्षण वाया गेले नाही असे खुशाल समजावे.