जात्याचा खुंटा आणि तसबी

मराठीच्या तासाला जनाबाईचे अभंग चालू होते. जनाबाई मूळची गंगाखेडची, म्हणजे आमच्याच तालुक्याची. नामदेवांच्या घरी राबणारी ही दासी दळता-कांडता विठ्ठलाचे नाव घेई, हे सर समजावून सांगत होते आणि मला मात्र आमची दादी आठवत होती. दादी कधी शाळेत गेली नाही. गावात पिठाची गिरणी येण्यापूर्वी ती फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज आटोपून जात्यावर बसायची. हाताने दळण आणि ओठांवर 'सुब्हानअल्लाह'. तास संपल्यावर शेजारच्या मैत्रिणीने विचारले, "तुमच्यातही असं नामस्मरण असतं का गं?" मी नुसतेच "हो" म्हटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या 'हो'चा खुलासा आहे.

आमच्यात त्याला जिक्र म्हणतात. मूळ अरबी शब्दाचे दोन अर्थ होतात, आठवण ठेवणे आणि उल्लेख करणे. नमाजला दिवसातल्या पाच वेळा ठरलेल्या आहेत, त्याआधी वजू करून हातपाय-तोंड धुवावे लागते, काबागृहाकडे तोंड करावे लागते. जिक्रला यांतले काहीच बंधन नाही. उभ्याने, बसून, कुशीवर पडूनही अल्लाहची आठवण करणाऱ्यांचा कुराणात गौरवाने उल्लेख आहे. सूफी मंडळींनी त्याचे दोन प्रकार मानले: मोठ्याने केलेला तो जली, मनातल्या मनात केलेला तो खफी. पण घरोघरी चालतो तो साधा जिक्र शंभराचा. 33 वेळा सुब्हानअल्लाह (अल्लाह सर्व दोषांपलीकडे आहे), 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह (सर्व स्तुती अल्लाहची) आणि 34 वेळा अल्लाहु अकबर (अल्लाह सर्वांहून थोर आहे). मोजायला तसबी, म्हणजे मण्यांची माळ. दादीला माळ लागत नाही. ती अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजते. एका फेरीत बारा, दोन फेऱ्या आणि वर नऊ, झाले तेहतीस. गणितात मी कच्ची असले तरी हा हिशेब मला शाळेत जाण्याआधीपासून येतो.

या शंभराची हकिकत फार लोकांना ठाऊक नसते. ती पैगंबरसाहेबांच्या कन्येची, हजरत फातिमांची आहे, आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमुख हदीस-संग्रहांत आलेली आहे. जाते ओढून ओढून फातिमांच्या हातांना त्रास होऊ लागला. वडिलांकडे कामाला माणूस मागावे म्हणून त्या गेल्या. ते भेटले नाहीत, तेव्हा हजरत आयेशांपाशी निरोप ठेवून परतल्या. रात्री पैगंबरसाहेब स्वतः लेकीच्या घरी आले. माणूस काही त्यांनी दिला नाही. झोपताना हे शंभर म्हणत जा, तुम्ही मागितले त्याहून ते चांगले आहे, असे सांगितले. खरे सांगायचे तर लहानपणी मला ही गोष्ट आवडत नसे. एवढे हात दुखत असताना नुसते शब्द काय कामाचे? आजही माझी शंका पुरती मिटलेली नाही. एवढे मात्र कळते, की हे स्मरण मोकळ्या वेळेच्या माणसाला दिलेले नव्हते. जात्यापाशी दमलेल्या बाईला दिलेले होते.

आपल्या दख्खनमध्ये तर ते पुन्हा जात्यावरच येऊन बसले. सतराव्या शतकात विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाची दख्खनी गीते रचली गेली. दळताना, सूत काततांना बायकांनी ती म्हणावीत असा हेतू. त्यांत जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावातले पहिले अक्षर, अशी कल्पना येते. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते तिच्या मुठीत रोज पहाटे एक अक्षर येत होते! रिचर्ड ईटन या अभ्यासकाने 1978 साली विजापूरच्या सूफींवर ग्रंथ लिहिला, त्यात या गीतांची चर्चा आहे. जनाबाई त्यांच्या कितीतरी आधीची. कोणी कोणाचे घेतले या वादात मी पडत नाही. जाते दोन्हीकडे होते.

आता माझे. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिली. अब्बांची तयारी नव्हती, दादीनेच त्यांना राजी केले. पहिल्या वर्षी हिवाळ्यात फजरची वेळ आणि एसटीची वेळ जवळजवळ एक झाली. नमाज कशीबशी उरकून मी फाट्याकडे पळायची, तसबी राहायची. संध्याकाळी दादी विचारायची, "पढी क्या गे तसबी?" मी म्हणायची, "हौ." कितीतरी महिने मी रोज हे खोटे बोलले. शिकून पोरगी विसरली असे तिला कोणी म्हणू नये, एवढीच भीती होती.

मग रमजानमध्ये मोठा निश्चय केला, रोज रात्री पाचशे! ईदनंतर चार दिवसांत तो संपला. मोबाइलवर मोजणीचे साधनही घेऊन पाहिले. आकडा वाढायचा, मन दुसरीकडेच असायचे. थोडे असले तरी नित्य चालणारे कर्म अल्लाहला अधिक प्रिय, अशा अर्थाची हदीस मी मदरशात पाठ केली होती, पण तिचा उपयोग फार उशिरा सुचला. दादीने जिक्रसाठी वेगळा वेळ कधी काढलाच नव्हता. तिने तो दळणाला बांधला होता. मला दळण नाही, पण एसटी आहे. कंडक्टरला पास दाखवून झाला की पहिल्या पेरावर अंगठा ठेवायचा, असे ठरवले. वजूची अट नाही, बसायला जागा मिळालीच पाहिजे असेही नाही. दैठणा येण्याआधी शंभर सहज होतात. अर्थात खड्ड्यात गाडी आदळली की पेर चुकते, आणि परीक्षेच्या दिवसांत अल्हम्दुलिल्लाहच्या मध्येच इतिहासातील सनावळ्या येतात. पुन्हा पहिल्यापासून.

परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, सर्व जातिधर्मांची माणसे येतात. यंदा दादीला घेऊन गेले होते. परतताना बसमध्ये गर्दीत मी तिला ते खोटे सांगून टाकले. ती काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग विचारले, "आज कित्ते हुए?"

"तेहतीसच, दादी. गर्दीत बाकीचे राहिले."

"तो अब कर ले," ती म्हणाली, आणि सरकून तिने मला बसायला जागा केली.