कवच सोडण्याची वेळ

दिवस भरले की अंडे फुटते, त्यात आतल्या जिवाची काही मर्जी नसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माशांच्या बाबतीत ती टिकत नाही. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला फॅटहेड मिनो हा छोटा मासा पाण्यातल्या दगडांच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो. तरीही झिंग्याच्या नात्यातला क्रेफिश डल्ला मारतोच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, क्रेफिश अंडी खात असल्याची रासायनिक खूण ज्या पाण्यात होती, तिथली पिल्ले इतरांआधी बाहेर आली आणि लांबीला कमी भरली. मला ही तोकडी लांबीच सर्वांत महत्त्वाची वाटते. सुटकेची किंमत तिच्यात दिसते. अपुऱ्या वाढीचे पिल्लू उघड्या पाण्यात दुबळेच असणार. म्हणजे इथे अंड्यातला धोका आणि बाहेरचा धोका यांची तुलना होते आहे.

यावर कोणी म्हणेल, की हा केवळ त्रास असेल. पाणी बिघडले, भ्रूण बाहेर पडले. तसे असते तर प्रत्येक धोक्याने घाईच झाली असती. पण ओढ्यात वाढणाऱ्या एका सॅलमँडरवर १९९३ मध्ये झालेल्या अभ्यासात उलटे आढळले. तिथला शत्रू चपटा कृमी, आणि तो मारतो नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना. त्याची चाहूल लागलेली भ्रूणे अंड्यातच जास्त थांबली आणि मोठी होऊन निघाली. सॅलमँडर मासा नव्हे, हे खरे. पण त्याचे अंडेही पाण्यातच असते आणि पेचही तोच आहे.

इवल्याशा भ्रूणात असा निर्णय घेणार कोण, ही शंका अधिक वजनदार आहे. तिचे उत्तर भारतीय उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत सापडणाऱ्या झेब्राफिशने दिले. त्याची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. २०२४ च्या संशोधनानुसार भ्रूणाच्या मेंदूतून टीआरएच हे संप्रेरक रक्तात उतरते, विशिष्ट ग्रंथीपर्यंत पोहोचते आणि तिथून सुटलेली विकरे अंड्याचे आवरण विरघळवतात. ही आज्ञा नेमकी मेंदूतून निघते. शिकाऱ्याचा वास याच मार्गाने काम करतो, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रयोगशाळेच्या टाकीत वास कोंडून राहतो, वाहत्या पाण्यात तो विरतो, हा आक्षेप मी मान्य करते. शिवाय पाणी कोमट असले की अंडी तशीही लवकर फुटतात. म्हणून नदीतला पुरावा हवा असेल, तर एकाच तापमानाच्या पाण्यात, शिकारी असलेल्या आणि नसलेल्या जागांची अंडी शेजारी ठेवूनच मोजावी लागतील.