मोटारीतील गारवा

माठातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. म्हणून ते पाणी गार होते. या गारव्यासाठी पैचाही खर्च येत नाही. मोटारीतील वातानुकूलन यंत्र याच तत्त्वावर चालते. परंतु त्याच्या नळ्यांतील द्रवाची वाफ हवेत सोडून देता येत नाही. ती दाबून, वाऱ्याने निववून पुन्हा द्रवरूप करावी लागते. दाबण्याचे हे काम कॉम्प्रेसर करतो, आणि पेट्रोलवरील बहुतेक मोटारींत त्याला इंजिनच पट्ट्याने फिरवते. गाडीच्या बैलांनाच वाटेत मोटही ओढायला लावावी, तसे हे झाले! साहजिकच पेट्रोल अधिक जळते.

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली असे यंत्र मोटारीत बसवून देण्यास आरंभ केला. त्यात कॉम्प्रेसर अलग करण्याची सोयच नव्हती. गारवा नकोसा झाला, की इंजिन थांबवून पट्टा उतरवून ठेवावा लागे. आता त्यासाठी एक कळ पुरते.

मग खिडक्या उघड्या ठेवल्या, तर? मंद गतीत तेच बरे. वेग वाढला, की मात्र आत शिरणारा वारा गाडीस अडवतो आणि त्यापायीही पेट्रोल खर्ची पडते. कॉम्प्रेसरवर सर्वांत अधिक भार पडतो, तो उन्हात तापलेली मोटार प्रथम थंड करताना. कडक उन्हाळ्यात, जवळच्या फेरीत, एका लिटरमध्ये कापले जाणारे अंतर चतुर्थांशाहूनही अधिक घटू शकते. म्हणून जाणता चालक खिडक्या उघडून आतील तप्त हवा आधी घालवतो, आणि मगच कळ दाबतो.