पावसाच्या पाण्याचा खर्च कुणी उचलला?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्याच वर्षी राज्यातल्या नगर परिषदांची जकात बंद झाली. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसरी विस्मरणात गेली. पण पावसाळ्यात तुंबणाऱ्या नाल्यांशी तिचंच नातं जवळचं आहे.

या मुलखात पावसाचं पाणी आधी गावाचं काम होतं. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे. त्या भरवशावर कोहळी समाजाने इथे तलावांची रांग उभी केली. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी घातला, असं सांगतात. पुढे पाळ मालगुजाराने, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनमालकाने, राखायची, माती गावाने टाकायची आणि त्या बदल्यात धानाला पाणी व निस्ताराचा, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या वापराचा, हक्क. वरची बोडी, म्हणजे लहान तलाव, भरली की सांडव्यावरून पाणी खालच्या बोडीत जाई. या व्यवस्थेत वेठ होती, अन्याय होता. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण पाळ फुटली तर कुणाला हाक मारायची, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

१९५१ साली मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणून त्यांचं नाव 'मामा तलाव' पडलं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. निस्ताराचं पाणी हक्काचं, मग त्याला पाणीपट्टी कशाची, हा शेतकऱ्यांचा सवाल होता. गाव दूर झालं, सरकारचा हात आखडता राहिला आणि तलावांत गाळ चढत गेला.

गोंदिया शहराचं गणित निराळं. रेल्वे, राईस मिल आणि बाजारपेठेवर वाढलेलं हे गाव २०११च्या जनगणनेत सव्वा लाखांवर गेलं होतं. अशा बाजारगावात जकात म्हणजे नाक्यावर रोज येणारा, नगर परिषदेच्या हक्काचा पैसा. ती गेली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. नाली कुठे बांधायची हे गावात ठरतं, पैसा मात्र मुंबईहून येतो. पंधराव्या वित्त आयोगानेही निधीचा मोठा भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. २०१५च्या अमृत योजनेत पर्जन्यजल वाहिन्या होत्या, पण देशभरात तिचा बहुतेक पैसा नळ आणि मलनिस्सारणाकडे गेला.

मोठ्या शहराचीही हीच कथा. मुंबईच्या नाल्यांचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३चा. तो पैशाअभावी रखडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं गेली, आणि मग केंद्राने १,२०० कोटी रुपये मंजूर केले. आधी बुडायचं, मग निधी मिळायचा, हा क्रम मला मान्य नाही.

याला पर्याय आहे. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहराने १९७४ सालीच पावसाच्या पाण्याची वेगळी आकारणी सुरू केली. अशा आकारणीचं सूत्र साधं असतं: ज्याच्या आवारातून जास्त पाणी वाहून रस्त्यावर येतं, तो जास्त भरतो. आपल्या कराच्या बिलात वृक्ष कर आहे, शिक्षण कर आहे. पावसाच्या पाण्याचा रकाना नाही. नालेसफाईचा खर्च मालमत्ता करात आणि अनुदानात कुठेतरी मुरतो. आवारभर काँक्रीट ओतलेलं मंगल कार्यालय आणि अंगणात माती राखलेलं घर, दोघांनाही या बाबतीत एकच माप. हे चूक आहे.

नवा कर लगेच लावा, असं म्हणणं नाही. पण येत्या अंदाजपत्रकात नगर परिषदेने तीन आकडे वेगळे छापावेत: नालेसफाईचा, नव्या नाल्यांचा आणि शहरालगतच्या तलाव-बोड्यांच्या गाळाचा. गोंदियाकरांनो, आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे हे तीन आकडे मागा, आणि ते पावसाळ्याआधी मागा.