डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे स्प्रिंग नव्हे

एखाद्या ऑब्जेक्टला लागणारे दुसरे ऑब्जेक्ट त्याने स्वतः न बनवता बाहेरून त्याच्या हाती देणे, म्हणजे डिपेन्डन्सी इंजेक्शन (डीआय). व्याख्या एवढीच. तिच्यात कंटेनर नाही, अ‍ॅनोटेशन नाही, एक्सएमएल तर नाहीच. तरीही ‘जावात डीआय हवे तर स्प्रिंग घ्यावेच लागते’ हे ऐकून कान किटतात. मार्टिन फाउलर यांनी २००४ च्या जानेवारीत ज्या लेखातून हे नाव रूढ केले, त्यातही स्प्रिंग हे अनेकांतले एक उदाहरण आहे. कन्स्ट्रक्टर इंजेक्शन समजावताना त्यांनी पिकोकंटेनर वापरला आहे.

कंटेनरशिवाय हे काम असे होते: मेन मेथडमध्ये आधी कॉन्फिगरेशन वाचायचे, त्यावरून डेटाबेसचा कनेक्शन पूल उभा करायचा, तो रिपॉझिटरीच्या कन्स्ट्रक्टरला द्यायचा, रिपॉझिटरी सर्व्हिसला, सर्व्हिस हँडलरला, आणि शेवटी सर्व्हर सुरू करायचा. झाले डिपेन्डन्सी इंजेक्शन! सगळी जुळणी एकाच ठिकाणी करण्याच्या या जागेला मार्क सीमन ‘कंपोझिशन रूट’ म्हणतात. एखादा आर्ग्युमेंट द्यायचा राहिला तर कोड कंपाइलच होत नाही. क्रम चुकून पूलच्या आधी रिपॉझिटरी लिहिली तरी तेच.

मग कंटेनर कशाला? शेकडो क्लास, प्रत्येक रिक्वेस्टला नवे ऑब्जेक्ट, ट्रान्झॅक्शनसाठी प्रॉक्सी, असा पसारा वाढला की हाताने केलेली जुळणी जड जाते. तिथे स्प्रिंग किंवा गाइस ही जुळणी प्रोग्राम चालू होताना करतात; डॅगर मात्र त्यासाठीचा कोड कंपाइलच्या वेळीच तयार करतो, त्यामुळे राहून गेलेली डिपेन्डन्सी तिथेच सापडते. निवड प्रकल्पाच्या आकारावरून करायची, सवयीवरून नाही. आणि स्प्रिंग घेतले तरी त्याचा कंटेनर कोणीतरी सुरू करावाच लागतो. साध्या स्प्रिंग बूट अ‍ॅप्लिकेशनमध्ये ते काम मेन मेथडच करते.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘फील्डवर ऑटोवायर्ड लिहिले काय आणि कन्स्ट्रक्टरमधून घेतले काय, एकच.’ एकच नाही. आधी कन्स्ट्रक्टर चालतो, फील्ड नंतर भरले जाते. कन्स्ट्रक्टरमध्येच ते फील्ड वापरले की हाती येते नलपॉइंटरएक्सेप्शन. स्प्रिंगचे अधिकृत दस्तऐवजही कन्स्ट्रक्टरचीच शिफारस करतात.

‘कन्स्ट्रक्टरवर ऑटोवायर्ड लिहावेच लागते.’ क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर स्प्रिंग ४.३ पासून गरज नाही.

‘दोन क्लास एकमेकांवर अवलंबून असले तरी कंटेनर निभावून नेतो.’ दोघांनाही कन्स्ट्रक्टरमध्येच एकमेकांची गरज असेल तर आधी कोण जन्मणार? स्प्रिंग बूट २.६ पासून कन्स्ट्रक्टरबाहेरच्या चक्रालाही मुळातच मनाई आहे. ही मनाई सेटिंग बदलून मुद्दाम उठवावी लागते.

‘लेझी इनिशिअलायझेशन म्हणजे फुकटचा वेग.’ काम वाचत नाही, पुढे ढकलले जाते. सुरुवातीलाच दिसली असती ती कॉन्फिगरेशनची चूक मग पहिल्या ग्राहकाच्या रिक्वेस्टवर उघडी पडते.